लवादाची नोटीस आल्यावर

दिवाणी दाव्यात तारीख चुकली तर पुढची मिळते. कैफियत उशिरा दिली तर खर्च भरून ती दाखल करून घेतली जाते. निकाल विरुद्ध गेला तर अपील असतं. कोर्टाची ही सवय घेऊनच बहुतेक पक्षकार लवादापुढे येतात आणि तिथेच त्यांचं नुकसान सुरू होतं.

कर्ज, विमा आणि व्यापारी करार यांच्या लवादांत मी वकील म्हणून काम करतो, कधी दावेदाराकडून तर कधी प्रतिवादीकडून. निवाडा विरुद्ध गेलेल्या प्रकरणांच्या फायली पाहिल्या की कारण कायद्याच्या एखाद्या अवघड मुद्द्यात क्वचितच सापडतं. नोटिशीला उत्तरच गेलेलं नसतं, हरकत तोंडी घेतलेली असते, नाहीतर पैशाच्या निकडीत एका छापील कागदावर सही झालेली असते. पुढे लवादाने पुराव्याचा अर्थ चुकीचा लावला, एवढ्या कारणावर न्यायालय निवाड्यात हात घालत नाही. १९९६च्या लवाद व समेट कायद्याच्या कलम ३४मध्ये निवाडा रद्द करण्याची कारणं मोजकी आहेत. एप्रिल २०२५मध्ये गायत्री बालसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निवाड्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, पण तोही मर्यादित. म्हणून जे करायचं ते सुरुवातीलाच करावं लागतं.

करारात वेगळं ठरलेलं नसेल तर लवादाची कार्यवाही सुरू होते ती कलम २१ची नोटीस समोरच्याला मिळते त्या दिवशी. लवाद तेव्हा नेमलेलाही नसतो, तरी दावा मुदतीत आहे की नाही हे त्या तारखेवरून ठरतं. पैसे येणं असलेल्या माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं. साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि त्या आत नोटीस समोरच्याच्या हातात पडली पाहिजे. ‘साहेब मार्चनंतर बघू म्हणालेत’ या भरवशावर अनेकांची वर्षं निघून जातात. बोलणी चालू असल्याने मुदत थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बी अँड टी एजी विरुद्ध संरक्षण मंत्रालय या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं सहीनिशी मान्य केलं, किंवा काही रक्कम चुकती केल्याची सहीची नोंद झाली, तर मात्र ती नव्याने मोजली जाते. म्हणून बोलणी जरूर करा, पण दर आर्थिक वर्षाच्या अखेरीला बॅलन्स कन्फर्मेशनवर सही-शिक्का घेत जा.

नोटिशीत करार कोणता, लवादाचं कलम कोणतं, वाद काय, रक्कम किती आणि लवाद म्हणून कोणाचं नाव सुचवता हे स्पष्ट लिहा. समोरच्याने ३० दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर कलम ११खाली उच्च न्यायालयाकडे लवाद नेमण्यासाठी अर्ज करता येतो. नोटीसच मोघम असेल तर हा अर्ज तिथेच अडखळतो.

ज्याला नोटीस येते त्याची चूक वेगळी असते. तो रजिस्टर पाकीट परत पाठवतो. पण नेहमीच्या राहत्या घरी किंवा धंद्याच्या जागी दिलेली नोटीस मिळाली असं कायदा धरतो. नीट चौकशी करूनही माणूस सापडला नाही, तर शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेली नोटीसही चालते. घर किंवा ऑफिस बदललं की कर्ज देणाऱ्या संस्थेला, विमा कंपनीला आणि करारातल्या प्रत्येक पक्षाला लेखी कळवा, पोच ठेवा. गैरहजर राहिलात तर कलम २५ प्रमाणे काम पुढे चालतं. गैरहजेरी म्हणजे कबुली असं कायदा मानत नाही, पण समोर एकाच बाजूचे कागद असतील तर निवाडा कोणत्या बाजूने जाईल हे उघड आहे.

आता कर्जाविषयी. वित्तसंस्थांच्या कर्जकरारात लवादाचं कलम छापीलच असतं. सांगलीकडच्या एका ट्रकमालकाचं उदाहरण घ्या, असे पक्षकार कितीतरी येतात. हप्ते थकले, आणि एक दिवस चेन्नईच्या एका वकिलांचं पत्र आलं की कंपनीने त्यांना लवाद नेमलं आहे, अमुक तारखेला हजर राहा. चेन्नईला जाण्याचा खर्च हप्त्याइतका, म्हणून त्याने पत्र ठेवून दिलं. नंतर कळलं ते गाडी ताब्यात घेण्याचा अंतरिम आदेश झाल्यावर. अशा वेळी दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. निकालात ज्याचं हित गुंतलं आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं. पुढे नोव्हेंबर २०२४मध्ये घटनापीठाने लवादातही दोन्ही पक्षांना समान वागणूक हवी, हे तत्त्व ठामपणे मांडलं. दुसरी गोष्ट कलम १२(५)ची. कायद्याने अपात्र असलेल्या लवादाला मान्यता द्यायची तर ती वाद उद्भवल्यानंतर, स्पष्ट आणि लेखीच द्यावी लागते. सुनावणीला हजर राहिलात किंवा उत्तर दिलंत म्हणून हा हक्क जात नाही. पण ‘नेमणुकीस हरकत नाही’ असा कागद कोणी सहीसाठी पुढे केला तर तीच लेखी मान्यता ठरते. तो कागद सही न करता परत द्या.

हरकत पहिल्या उत्तरातच लिहा, ईमेलने आणि रजिस्टरने दोन्हीकडे पाठवा. लवाद तरीही थांबत नसेल तर त्याची नेमणूक संपुष्टात आणण्यासाठी कलम १४खाली न्यायालयात जाता येतं. लवादाच्या अधिकारक्षेत्राविषयीचे इतर मुद्दे कैफियत देण्यापूर्वी किंवा तिच्यासोबतच यायला हवेत, नंतर सुचलेला मुद्दा सहसा उपयोगी पडत नाही. आणि हे स्पष्टच सांगतो, हरकत मान्य झाली म्हणून कर्ज माफ होत नाही. नवा लवाद नेमला जातो आणि हिशेब तिथे होतो. म्हणून सोबतच खात्याचा पूर्ण उतारा मागा. हप्ता चुकल्याबद्दलचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलं आहे का, ते पाहा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने हे बंद केलं असून दंड आकारायचा तर तो वेगळा आकार म्हणून, त्यावर व्याज न चढवता आकारावा असं सांगितलं आहे. गाडी विकली असेल तर मूल्यांकन, विक्रीची नोटीस आणि मिळालेली रक्कम यांचे कागद मागा. या तीन ठिकाणी दाव्याचा आकडा खाली आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

जामीनदारांना एक कळकळीची विनंती आहे. ‘मी फक्त सही केली होती’ हा बचाव नाही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तुमच्या नावाने आलेल्या नोटिशीला तुम्ही स्वतंत्र उत्तर द्या. कर्जदार मित्र असला, नातलग असला, तरी त्याच्या वकिलावर विसंबून राहू नका.

महाराष्ट्रात आणखी एक प्रकार बराच आढळतो. बहुराज्य सहकारी बँका आणि पतसंस्था २००२च्या कायद्याच्या कलम ८४खाली वसुलीसाठी लवादापुढे जातात. तिथला लवाद केंद्रीय निबंधकांच्या अधिकारात नेमलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेली नेमणुकीची हरकत जशीच्या तशी लागू पडत नाही. राज्याच्या कायद्याखालच्या संस्थेची वसुली १९६०च्या कायद्यातल्या कलम १०१च्या दाखल्याने होते, तो लवाद नव्हे. आणि बँकेची २० लाख किंवा त्याहून अधिक रकमेची वसुली कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या कक्षेत येते. नोटीस हातात आल्यावर ती कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी वाचा. शेअर दलालाशी वाद असेल तर २०२३पासून सेबीच्या व्यवस्थेत ‘स्मार्ट ओडीआर’ या पोर्टलवर आधी समेट आणि तो न जमल्यास ऑनलाइन लवाद, असा मार्ग आहे. तिथे कॉन्ट्रॅक्ट नोट आणि दलालाचे एसएमएस हेच मुख्य पुरावे असतात. ते पुसू नका.

विम्याच्या दाव्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे व्यापारी माणूस सर्वांत अगतिक अवस्थेत असतो. भिवंडीचं गोदाम जळलेलं असतं, कॅश क्रेडिटचं व्याज चढत असतं, माल देणारे दारात उभे असतात आणि सर्व्हेअर रोज नवा कागद मागत असतो.

वाद लवादाकडे जातो की नाही, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. जुन्या अग्निविम्याच्या पॉलिसीत हे कलम अरुंद होतं. कंपनीने जबाबदारी मान्य केली असेल आणि मतभेद फक्त रकमेवर असेल तरच लवाद. दावा सरसकट फेटाळला असेल तर लवाद नाही, असं नरभेराम पॉवर अँड स्टील प्रकरणात २०१८मध्ये ठरलं. विमा नियामकाने २०२३मध्ये किरकोळ ग्राहकांच्या पॉलिसींतून हे कलम काढायला सांगितलं, आणि व्यावसायिक पॉलिसींसाठी दोन्ही पक्षांनी संमतीने वेगळा लवाद-करार करावा अशी शब्दरचना दिली. त्यामुळे पॉलिसी कोणत्या वर्षाची आणि तिच्या जोडपत्रांत काय लिहिलं आहे, हे पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. लवाद नसेल तर ग्राहक आयोग आहे. व्यापारी संस्थेलाही विम्याच्या बाबतीत तिथे जाता येतं, हे २०२३च्या हरसोलिया मोटर्स निकालाने पक्कं झालं. कोणत्या आयोगाकडे जायचं हे दाव्याच्या रकमेवरून ठरत नाही, भरलेल्या हप्त्यावरून ठरतं. म्हणून कोटीचा दावाही जिल्हा आयोगात चालू शकतो. मुदत दोन वर्षांची. व्यक्ती, एकल मालकीचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर ५० लाखांपर्यंत विमा लोकपालाचा मार्ग आहे, त्याला शुल्क नाही. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत.

यातला सर्वांत घातक कागद म्हणजे डिस्चार्ज व्हाउचर. ‘अंतिम आणि पूर्ण समाधानाने रक्कम स्वीकारली’ असं त्यावर छापलेलं असतं. दोन कोटींच्या नुकसानीला ऐंशी लाख देऊ केले जातात आणि सही केल्याशिवाय तेही मिळत नाहीत. माणूस सही करतो. मी त्याला दोष देत नाही, गळ्याशी आलेल्या देण्यापुढे दुसरं काय करणार. नियामकाने सप्टेंबर २०१५मध्येच कंपन्यांना बजावलं आहे की अशा व्हाउचरच्या आधारे ग्राहकाचा दाद मागण्याचा हक्क बंद करू नये. डिसिटेक्स फर्निशिंग या प्रकरणात आर्थिक कोंडीत सही केल्याचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने लवाद नेमला आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. जुलै २०२४च्या क्रिश स्पिनिंग निकालानंतर तर सही खुशीने झाली की दबावाखाली, हा प्रश्न लवादानेच पुरावा घेऊन ठरवायचा आहे. पण २०१४च्या जीनस पॉवर प्रकरणात नुसता ‘दबाव होता’ हा शब्द पुरला नव्हता, हेही विसरू नका. म्हणजे पुरावा लागतो. सही करण्याआधी कंपनीला ईमेल पाठवा की ही रक्कम अंशतः आणि हक्क राखून स्वीकारत आहोत. सही करावीच लागली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी निषेध नोंदवा. बँकेच्या थकबाकीच्या नोटिसा, माल देणाऱ्यांची पत्रं, परत गेलेले धनादेश हे सगळं त्या काळातलं जपून ठेवा. महिनाभर गप्प राहून मग केलेली तक्रार लवादाला मागाहून सुचलेली वाटते.

सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो ब्रह्मवाक्य नव्हे. त्यापासून फारकत घेता येते, हे २००९मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार प्रकरणात ठरलं आहे. अहवालाची प्रत मागून घ्या आणि प्रत्येक कपातीवर आकड्यांनिशी उत्तर द्या. माझ्या अनुभवात दावा कोसळतो तो एकाच जागी: बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, जीएसटीची विवरणं आणि हिशेबाची पुस्तकं हे तिन्ही आकडे जुळत नाहीत. कर्जमर्यादा टिकावी म्हणून बँकेला माल फुगवून दाखवायचा आणि आगीनंतर खरा आकडा सांगायचा, किंवा याच्या उलट, असं झालं की उलटतपासणीत काही उरत नाही. विमा कमी रकमेचा घेतल्यावर काय होतं, तेही समजून घ्या. गोदामात दोन कोटींचा माल, विमा एक कोटीचा आणि नुकसान ४० लाखांचं असेल, तर सरासरीच्या कलमाने २० लाखच मिळतात. यात कोणताही वकील फार काही करू शकत नाही. हा दोष पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळीच दूर होऊ शकतो.

व्यापारी करारांत लवादाचं कलम सगळ्यात शेवटी, घाईत, जुन्या करारातून उचललेलं असतं. ‘वाद लवादाकडे नेता येईल’ एवढं लिहिलं तर ते बंधनकारक आहे की नाही यावरच पहिली दोन वर्षं जातात. ‘लवादाकडेच सोपवला जाईल’ असं लिहा. लवादाचं कायदेशीर ठिकाण नेमकं लिहा. चाकणच्या कारखान्याने दिल्ली हे ठिकाण मान्य केलं की अंतरिम मनाईचा अर्जही दिल्लीत आणि निवाड्याला आव्हानही दिल्लीतच. माल चाकणात आहे, म्हणून पुण्याच्या न्यायालयात जाता येत नाही. बिलाखाली छापलेलं ‘पुणे न्यायालयाच्या अधीन’ हे लवादाचं कलम होत नाही. करारावर योग्य मुद्रांक लावा. डिसेंबर २०२३च्या सात न्यायमूर्तींच्या निकालानंतर मुद्रांक नसल्याने लवादाचा करार रद्द ठरत नाही, पण मुद्रांक शुल्क आणि दंड भरेपर्यंत काम अडून राहू शकतं.

खर्चाचा हिशेब आधी मांडा. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नमुना दरांनी ५ लाखांपर्यंतच्या वादाला लवादाचं शुल्क ४५,००० रुपये, ५० लाखांच्या वादाला १,८७,५०० रुपये, आणि एकच लवाद असेल तर त्यावर २५ टक्के अधिक. हे सहसा दोघांत निम्मं निम्मं वाटलं जातं. लवाद एकतर्फी शुल्क ठरवू शकत नाही, असं ऑगस्ट २०२२मध्ये ओएनजीसी विरुद्ध अॅफकॉन्स प्रकरणात सांगितलं गेलं. त्याच निकालाने दावा आणि प्रतिदावा यांचं शुल्क वेगवेगळं मोजायचं ठरवलं, म्हणून समोरच्याला घाबरवण्यासाठी फुगवलेला प्रतिदावा आणू नका. त्याचे पैसे तुम्हालाच भरावे लागतील. मोठा व्यवहार असेल तर २०१६पासून काम करणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय लवाद केंद्रासारख्या संस्थेचे नियम करारात लिहून घ्यावेत असं माझं मत आहे. नेमणूक, शुल्क आणि वेळापत्रक यांवरची भांडणं त्यामुळे बरीच टळतात.

लघुउद्योजकाने मात्र लवादाच्या कलमात अडकण्याआधी २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा पाहावा. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाला मोठ्या खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. दाद सुविधा परिषदेकडे मागायची. करारात वेगळं लवाद-कलम असलं तरी हा मार्ग खुला राहतो, असं २०२२चा महाकाली फूड्स निकाल सांगतो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि त्या एका अटीमुळे बरेच खरेदीदार तडजोडीला बसतात. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असू द्या.

पुराव्याबद्दल थोडक्यात. लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा तंतोतंत पाळण्याचं बंधन नाही, पण निवृत्त न्यायमूर्ती समोर असतील तर त्यांच्या अपेक्षा न्यायालयासारख्याच असतात. व्हॉट्सअॅपच्या संदेशांना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ फोन विकू नका. साक्षीला मालकांनी बसण्याचा हट्ट धरू नये. ज्याने माल उतरवून घेतला, ज्याने चलनावर सही केली, तो स्टोअरकीपर उलटतपासणीत कधीही जास्त टिकतो. कागद तारखेच्या क्रमाने लावून पानांना क्रमांक द्या.

निवाडा हातात आल्यावर पहिला कागद पाहायचा तो पाकीट. आव्हानाची मुदत सही केलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून मोजली जाते, हे २०११मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध एआरके बिल्डर्स प्रकरणात ठरलं, म्हणून प्रत मिळाल्याची तारीख निवाड्यावरच लिहून ठेवा. आकडेमोडीची किंवा टंकलेखनाची चूक असेल तर ३० दिवसांत लवादाकडेच कलम ३३चा अर्ज द्या. नुसतं आव्हान दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो आणि रकमेच्या निवाड्यात न्यायालय सहसा पैसे किंवा तारण भरायला लावतं, त्याची तजवीज आधी करा. आव्हानासाठी तीन महिने मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस. त्यानंतर एका दिवसाचा उशीर झाला तरी तो माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.